पेंटर, गेरू आणि पट्ट्यांचा भुंगा

खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "म्याडम, तुमाले कधी नागीण आलती का?"

मी दारव्ह्याच्या एका हायस्कुलात सायन्स शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. पुसदहून दोन बॅगा आणि एक गादी घेऊन आलेली, उन्हानं वैतागलेली. घरमालक लग्नाचं विचारतील, आडून आडून जात विचारतील, मटण शिजवता का विचारतील, एवढ्याची तयारी होती. नागिणीची नव्हती. नाही आली म्हटलं, तर त्यांचा चेहरा पडला. मग जरा आशेनं म्हणाले, "मंग कांजण्या?" कांजण्या आल्या होत्या, चौथीत असताना. "चाला, काहीतरी त आलतं," असं म्हणून त्यांनी कुलूप काढलं.

त्यांना सारं गाव पेंटर म्हणायचं. मी पेंटरकाका म्हणू लागले. हातानं बोर्ड रंगवणं हा त्यांचा धंदा. फ्लेक्सनं तो जवळपास गिळला होता, तरी गाड्यांचे नंबर, ट्रॉलीच्या पाठीवरची नावं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार एवढं काम यायचं. सरळ रेघ ओढताना ते श्वास रोखून धरायचे. रेघ चालू असताना जग बुडालं तरी तोंड उघडणार नाहीत. त्यामुळे त्यांच्याशी बोलणं म्हणजे गाळलेल्या जागा भरा. काकू आतून विचारायच्या, "चहा ठेवू का?" आणि उत्तर रेघ संपल्यावर यायचं. रेघ लांब असली तर तोवर चहा होऊनसुद्धा जायचा.

दुसरी खोड म्हणजे "पाहू त खरं!" कुणी काही सांगितलं की मान हलवून हो म्हणायचं, हे त्यांना जमतच नसे. मी एकदा बोलता बोलता सांगितलं, की गांडुळाला डोळे नसतात पण उजेड कळतो. झालं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येते तर हे न्हाणीत गोधडी पांघरून बसलेले, समोर ताटलीत गांडूळ आणि हातात टॉर्च. काकू ओरडत होत्या, की मला आंघोळ करायची आहे, तुमचं गांडूळ बाहेर काढा. हे म्हणे, "थांब वं, पाहून राह्यलो." संध्याकाळी टॉर्चला पतंगाचा लाल कागद लावून पुन्हा पाहिलं आणि मला येऊन म्हणाले, "म्याडम, पांढऱ्या उजेडाले ते भिते. लालले तेवढं नाई भीत. काहून?" माझ्या पुस्तकात त्यातलं काहीच नव्हतं. मी उद्या सांगते म्हटलं आणि चार दिवस त्यांना चुकवत फिरले.

हे विचारणं कुठंही सुरू व्हायचं. एका लग्नात वरात दारात आलेली असताना त्यांनी बँडवाल्याला थांबवून, गाल एवढे फुगतात तर रात्री दुखतात का, असं विचारलं होतं. मुलीकडचे अजून त्यांच्यावर राग धरून आहेत.

आता नागिणीचं सांगते. नागीण म्हणजे अंगावर पट्ट्यासारखे उठणारे, आग आग करणारे फोड. तिचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भेटलं की माणूस जातो, असं आमच्याकडे आजही लोक छातीठोकपणे सांगतात. ती उतरवणारी माणसं ठरलेली असतात. पेंटरकाकांना ही विद्या मामाकडून आली होती. मंगळवारी, गुरुवारी आणि रविवारी सकाळी ते ओट्यावर बसायचे. दिग्रस, आर्णी, पार पुसदपासून लोक काळीपिवळी जीपनं यायचे. दगडावर गेरू उगाळायचा, मनात मंत्र म्हणायचा आणि फोडांच्या भोवती गेरूचा नाग काढायचा. पैसा घ्यायचा नाही. आलेल्यानं आभार मानायचे नाहीत आणि जाताना मागं वळून पाहायचं नाही. फार तर नारळ ठेवायचा.

इतर ठिकाणी गेरू नुसता फासतात. आमच्या काकांचा हात पेंटरचा. फणा, खवले, दुभंगलेली जीभ, सगळं रेखीव. लोक फोड विसरून नागच एकमेकांना दाखवत बसायचे. आर्णीच्या एका किराणावाल्यानं तर पाठीवरचा नाग पुसला जाऊ नये म्हणून आठवडाभर आंघोळ केली नव्हती म्हणे.

पण खरी गंमत नागाच्या आधी व्हायची. नाग किती लांब काढायचा, तोंड कुठं आणि शेपूट कुठं, हे आधी ठरवावं लागतं. म्हणून ते बटर पेपर घ्यायचे आणि अंगाला न टेकवता, बोटभर वर धरून, श्वास रोखून सगळ्या फोडांचा खाका उतरवायचे. बोर्डाची अक्षरं उतरवायची तीच पद्धत. बायकांच्या पाठीचा, पोटाचा खाका काकू आत नेऊन काढायच्या. कागदाच्या कोपऱ्यात गाव, महिना आणि माणूस काय काम करतो ते लिहायचं. मामांनी असं काही शिकवलं नव्हतं. यांनाच वाटलं, ठेवून देऊ, कधीतरी पाहू. एक मोठी पत्र्याची पेटी त्या कागदांनी भरली होती.

काकूंना डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. तो डोळा पार पांढरा झाला होता. त्या दिवसभर काळा चष्मा लावायच्या, चुलीपाशीसुद्धा. मी विचारायच्या आधी काकांनीच सांगून टाकलं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी, सोयाबीन निघायच्या दिवसांत, काकूंच्या कपाळावर नागीण आली. काकांनी तीन वेळा गेरू लावला. फोड वाळले. डोळा मात्र लाल राहिला, मग पांढरा झाला. यवतमाळला नेईपर्यंत उशीर झाला होता. "नागीण गेली, जाता जाता एक डोया घेऊन गेली," असं ते म्हणायचे. प्रत्येकाला हेच वाक्य, ह्याच शब्दांत, गेरूच्या दगडाकडे पाहत. गावाच्या लेखी तो विजयच होता. कपाळावरची नागीण, म्हणजे जीवच जायचा, डोळ्यावर निभावलं.

एक गोष्ट मात्र माझ्या लवकर लक्षात आली. काका नेहमी काकूंच्या उजव्या बाजूला बसायचे, उजव्या बाजूनं चालायचे. मला वाटायचं, काकूंना दिसावं म्हणून असेल.

त्या वर्षी भाद्रपदात मी त्यांच्या वावरात भेंडी तोडायला गेले. गावाबाहेर त्यांचं थोडं रान होतं, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, भेंडी, मध्ये तूर आणि मूग. भेंडीच्या पिवळ्या फुलांवर काळे भुंगे बसले होते, अंगावर नारिंगी आडवे पट्टे असलेले, फुलाच्या पाकळ्या कुरतडत. एक माझ्या हातावर आला, मी भेंडीची टोपली सावरायला हात दुमडला आणि तो कोपराच्या आतल्या बाजूला चिरडला. मी झटकून टाकला. आग नाही, खाज नाही, काही नाही.

सकाळी उठले तर कोपराच्या आत दोन टपोरे फोड. एक घडीच्या वर, एक घडीच्या खाली. मी कण्हतच ओट्यावर आले. काकांनी हात धरला, वळवून पाहिला आणि म्हणाले, "वा!"

"अवो, पोरगी कनून राह्यली अन् तुमी वा कायचं म्हनता?" काकू आतून.

"अवं पाय त खरं. एक वर, एक खाली. मधात काहीच नाई. काहून म्याडम?"

मी हात दुमडून दाखवला. वरचा फोड खालच्यावर बरोबर बसला. ओल्या रंगाचा कागद दुमडला की दोन्हीकडे उठतं, तसं. काका बटर पेपर आणायला पळाले. खाका काढून झाल्यावर गेरूचा दगड पुढं ओढला, तर मी हात मागं घेतला.

"काका, ही नागीण नाही. काल तो पट्ट्यांचा भुंगा दाबला गेला, त्याचं आहे."

"चावला?"

"चावत नाही तो. दाबला की अंगातून पिवळा रस सोडतो. तो कातडीला लागला की फोड येतात."

"मंग कालच काहून नाई आले?"

"लगेच येत नाहीत. निम्मा दिवस, कधी अख्खी रात्र जाते."

त्यांनी माझा हात पुन्हा दुमडून पाहिला. मग हळूहळू म्हणाले, "म्हनजे मानूस झोपून उठते, तवा फोड दिसते. अन् भुंगा तवर दुसऱ्याच्या वावरात." असं म्हणताना त्यांचे डोळे चमकत होते. "अन् हा फोड जाते कायनं?"

"आपोआप. आठ-दहा दिवसांत."

"गेरू नाई लावला तरी?"

"काहीच नाही लावलं तरी," मी म्हटलं. नवी नोकरी, नवीन बी.एड., समोर विचारणारा माणूस. मी सायन्स पाजळत होते. काकू उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला होता, हे मला तेव्हा दिसलं होतं. त्याचा अर्थ मात्र फार उशिरा लागला.

"पाहू त खरं!" काका म्हणाले.

दुसऱ्या सकाळी श्रीखंडाच्या डब्यात पाच-सहा भुंगे घेऊन ते वावरातून आले. ओट्यावर बसून त्यांनी एकेक भुंगा स्वतःच्या दोन्ही हातांवर, मनगटाच्या वर, दाबला. तिसरा मांडीवर दाबला आणि ती जागा लगेच साबणानं धुतली. काकूंनी डोक्याला हात लावला. "उजव्या हातालेबी? मंग बोर्ड कोन रंगवन?" संध्याकाळपर्यंत काहीच झालं नाही. ते हिरमुसले. चक्क हिरमुसले. जेवताना मला म्हणाले, "म्याडम, तुमचं पुस्तक जुनं असन."

पहाटे त्यांनी माझं दार वाजवलं. दोन्ही हात पुढं केलेले, दोन्हीवर फोड. मांडीवर नुसती लाली. एवढा आनंदी चेहरा मी परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरांचासुद्धा पाहिला नाही.

मग त्यांनी जे केलं, ते मला आजही वर्गात सांगावंसं वाटतं. डाव्या हातावर गेरू लावायचा, उजव्यावर काही नाही. पण डाव्यावर अगदी विधीप्रमाणे. मंगळवारची वाट पाहिली, उपास केला, मंत्र म्हटला, नाग काढला, तोही फणेवाला. मी हसले तर म्हणाले, "फसवायचं नाई म्याडम. गेरूलेबी पुरा चान्स द्यायचा." रोज सकाळी दोन्ही हातांचा खाका काकूंकडून काढून घ्यायचे.

नवव्या-दहाव्या दिवशी त्यांनी हात स्वच्छ धुतले आणि माझ्यापुढं धरले. "सांगा, गेरूचा हात कोनता?"

कोणता ते मला माहीत होतं, रोज बघत होते. पण त्यांनी हात एकमेकांवरून आडवे धरले होते आणि मी गोंधळले. खपल्या दोन्हीकडच्या पडल्या होत्या, खाली कोवळी कातडी सारखीच गुलाबी. मी उजवा दाखवला. "चुकलं!" म्हणून ते मोठ्यानं हसले. हसता हसता मध्येच थांबले. मग कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत बसले.

"म्हनजे लोकं म्हनतात पेंटरच्या हाताले गुन हाय," ते म्हणाले, "तो गुन आपोआपचा."

त्या रविवारी दुपारी त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. मधल्या खोलीतलं सामान बाहेर काढलं, जमीन झाडली आणि वर्षानुवर्षांचे खाके पसरले. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून रंगाचे डबे ठेवले. मी मदतीला बसले. मी सांगितलं, खरी नागीण अंगाच्या एकाच बाजूला असते. पाठीच्या कण्यापासून, नाहीतर पोटाच्या मधल्या रेषेपासून पलीकडे ती सहसा जात नाही. आणि फोड यायच्या आधीच दोन-तीन दिवस ती जागा ठणकते. भुंग्याचं तसं नसतं. तो कुठंही, आडवातिडवा, मानेवरून पलीकडे, कोपराच्या घडीत ठप्पा मारल्यासारखा.

बोर्ड रंगवणाऱ्याला मधली रेषा शिकवावी लागत नाही. ते एकेक कागद उचलायचे, एक नजर टाकायचे आणि इकडे नाहीतर तिकडे ठेवायचे. बघता बघता दोन ढीग झाले. थोरला ढीग भुंग्याचा. त्यातल्या कागदांच्या कोपऱ्यात श्रावण, भादवा, आश्विन; काम लिहिलेलं मूग तोडणे, भेंडी, तुरीत निंदण. तिथं थांबून ते म्हणायचे, "हे पाहा, हा आर्णीचा किराणावाला. गावभर माह्यं नाव सांगत फिरते. वावर हाय त्याचं भेंडीचं." धाकट्या ढिगात महिना कोणताही, काम कोणतंही. त्यातलीही माणसं त्यांना आठवत होती. "हा बरा झाला, पन सहा महिने ठनकते म्हने. ही बाई परत आलीच नाई." नाव गाजवलं होतं ते सगळं थोरल्या ढिगानं.

पेटी रिकामी झाली. पण एक कागद काकांच्या गुडघ्याखाली होता. त्यांनी तो कुठंच ठेवला नव्हता. काकू चहा घेऊन आल्या, कप खाली ठेवले आणि उभ्याच राहिल्या.

"माहा कागद कुठी ठेवला?"

"ठेवून राह्यलो."

"कवा?"

काकूंनी वाकून त्यांच्या गुडघ्याखालून कागद ओढला. कपाळाचा खाका होता. फोड डाव्या बाजूला दाट, भुवईपर्यंत उतरलेले, आणि बरोबर मध्यावर, फूटपट्टी लावून तोडावेत तसे, थांबलेले. काकूंनी तो उजव्या डोळ्याजवळ नेऊन पाहिला आणि स्वतःच्या हातानं धाकट्या ढिगावर ठेवला.

"म्याडम," काका माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तवाच डाक्टरकडे नेली असती त?"

"मी डॉक्टर नाही काका. कसं सांगणार?"

"तुमाले माईत हाय. सांगा."

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण या माणसासमोर ते शक्य नव्हतं. दोन-तीन दिवसांच्या आत औषध सुरू झालं असतं तर डोळा बहुतेक वाचला असता, असं मी सांगितलं. "पाहू त खरं" म्हणण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. चहा तसाच गार झाला. मी खोलीवर जाऊन रडले. कशाला तोंड उघडलं, कशाला तो भुंगा ओळखला, असं स्वतःला विचारत राहिले.

मला वाटलं, आता ओटा बंद. पण मंगळवारी ते नेहमीसारखे बसले. फक्त आता आधी विचारायचे, "वावरात गेलते का? फुलावरचा भुंगा झटकला का?" हो म्हटलं की सांगायचे, "मंग ही नागीण नाई. साबनानं धुवा, फोडू नका, आठ दिवसांत जाते. गेरूत काही नाई, माह्या हातातबी काही नाई." आणि लोक? लोकांना वाटलं, मोठ्या माणसाचा मोठेपणा! आर्णीचा किराणावाला तर हात जोडून म्हणाला, "पेंटर, सच्चा मानूस आसाच बोलते. तुमी फक्त लावा." खरं सांगायला लागल्यापासून त्यांची कीर्ती दुप्पट झाली आणि काका वैतागून निम्मे झाले.

मग कार्तिकातल्या एका गुरुवारी आर्णीच्या पलीकडच्या एका खेड्यातून एक कुटुंब आलं. सासरा, सासू आणि पंचविशीची सून. सुनेच्या कपाळावर उजवीकडे फोड, पापणी सुजलेली आणि एक फोड नाकाच्या शेंड्यावर. काकांनी बटर पेपर उचलला, तिच्याकडे पाहिलं आणि कागद खाली ठेवला.

"आधी ठनकलं का व पोरी?"

"दोन दिवस डोकं फुटून राह्यलतं. फोड काल आले."

"वावरात?"

"नाई गेलती. घरीच हावो."

काका सासऱ्याकडे वळले. "इले यवतमाळले न्या. डोयाच्या डाक्टरकडे. आताच्या आता."

सासऱ्यानं नारळ पुढं केला. "दोन गाड्या बदलून आलो जी. माह्या भावाची तुमीच उतरवलती."

"त्याले भुंगा लागलता."

"मंग इलेबी भुंगाच समजा अन् लावा."

काकांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी दगडावरचा उगाळलेला गेरू पाण्यासकट अंगणात ओतून दिला. सासरा भडकला. पैसे पाहिजेत का, तसं सांगा. माजलात का. तुम्ही नाही लावत तर दिग्रसकडे दुसरा आहे, तो लावतो. "चाल वं," म्हणून त्यानं सुनेला उठवलं. काका दोन्ही हात पसरून त्यांची वाट अडवून उभे राहिले. "अवो ऐका त खरं, ऐका," एवढंच त्यांच्या तोंडून येत होतं. ज्या हातांत काही नाही असं म्हणायला ते शिकले होते, त्या हातांवर लोकांचा अजून तेवढाच विश्वास होता. पोरीचा डोळा चालला होता आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

तेव्हा काकू बाहेर आल्या. लोक बसलेले असताना त्या ओट्यावर कधी यायच्या नाहीत. पोरीपुढं उभ्या राहिल्या आणि काळा चष्मा काढला.

"इकडं पाय पोरी. माह्या डोयात पाय." पोरीनं वर पाहिलं. "मलेबी अठीच आलती, कपाळावर. यायनंच गेरू लावला. तीन डाव लावला, चांगला लावला. हा डोया यायच्या गेरूनं बरा झालेला हाय."

काका भिंतीला टेकले. पोरीनं सासऱ्याचा हात सोडवला, पदरानं सुजली बाजू झाकली आणि मला विचारलं, "ताई, यवतमाळची गाडी कुठून भेटते?"

काका एका पायात स्वतःची आणि एका पायात माझी चप्पल घालून काळीपिवळी थांबवायला धावले. तिच्याबरोबर यवतमाळपर्यंत गेले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

संक्रांतीला ती पोरगी तिळगूळ घेऊन आली. सासरा बाहेरच घुटमळत होता. काकूंनी तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, डावा डोळा तळहातानं झाकला आणि बोटं नाचवली. "हे किती?" "तीन." "अन् हे?" "येकच जी." काकूंनी तिच्या तोंडात स्वतः तिळगूळ घातला. काका आत पेटीपाशी उगाच काहीतरी शोधत होते.

त्यानंतर त्यांनी एक बोर्ड करायला घेतला. कुणी सांगितलेला नव्हता. पत्र्याची मोठी शीट, पांढरं अस्तर, आणि दोन भाग. डाव्या भागात कावळ्याएवढा मोठा पट्ट्यांचा भुंगा आणि दुमडलेल्या हातावरचे ठप्पे. खाली अक्षरं: हा अंगावर बसला तर मारू नका, फुंकर घाला. रस लागला तर साबणाने धुवा. फोड आपोआप जातो. उजव्या भागात एका बाईचा चेहरा, कपाळावर डावीकडे फोड. खाली: आधी ठणका, फोड एकाच बाजूला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. माझी वाट पाहू नका. आणि सगळ्यात खाली: येथे गेरू लावला जात नाही.

चेहरा कुणाचा ते कुणीही ओळखलं असतं. तरुणपणच्या काकू होत्या.

शेवटच्या दिवशी काका खालची पट्टी ओढत बसले होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काकू भाजीची पिशवी घेऊन बाजारातून आल्या आणि बोर्डापुढं थांबल्या. उजवा डोळा अगदी पत्र्याजवळ नेला, ओला रंग नाकाला लागेल इतका.

"दोनी डोये चांगले काढले," त्या म्हणाल्या.

काका रेघ ओढत होते.

"काहून?"

रेघ लांब होती. मी दाराशी उभी होते, मला ती फारच लांब वाटली. ब्रश पार कडेपर्यंत गेला, तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

"टायमावर नेली असती त असेच राह्यले असते."

काकू तशाच उभ्या राहिल्या. पिशवीतली मेथी खाली सरकत होती, तिच्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी चष्मा नीट केला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "नाक मोठं झालं."

"पाहू त खरं," काका म्हणाले. ब्रश डब्यात ठेवून उठले, कधी नव्हे ते काकूंच्या डाव्या बाजूला आले, त्यांच्या डोळ्यावरचा चष्मा स्वतःच्या हातानं काढला आणि पाहू लागले.